सहदेवाच्या पोरी

नौपाडा, ठाणे
६ सप्टेंबर १९५४

मालनबाय,

पाणी पोचले. टोपलीतल्या काचेच्या बुधल्याच्या तोंडाला बांधलेले फडके तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचे आहे, हे मी काठावरून ओळखले. मी पाणी नेत होतो तेव्हा तोंडावर केळीचे पान आणि सुतळी असे, आणि तीसुद्धा माझी मीच बांधत असे. ही तक्रार समजू नये. फडके पानापेक्षा चांगले, पाणी हिंदकळून सांडत नाही. दिसले म्हणून लिहिले.

भिवाभावजींनी मला उंबरा चढू नकोस असे सांगितले आहे. पत्र लिहू नकोस असे सांगितलेले नाही. त्यांचे शब्द मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिले, त्यांत पत्राचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून लिहितो आहे. तू माझ्याच पाटीवर अक्षरे शिकलीस, तेव्हा हे तुला वाचता येईल. घाई करू नकोस, एकेक शब्द लावून वाच.

प्रयोगशाळेत सगळ्यांना वाटते की माझा पाय मुरगळला आहे. श्रीपादराव साहेबांनी विचारले, "काय रे सहदेव, पाण्यासाठी डोंबिवलीच्या मानपाड्याला जायला हल्ली का टाळतोस?" तेव्हा सख्ख्या बहिणीच्या घरी मला बंदी आहे हे तोंडातून निघेना. पाय सांगितला. आता रोज लंगडावे लागते. कोणता पाय ते विसरू नये म्हणून डाव्या चपलेत खडा ठेवतो.

म्हणून साहेबांनी रतनला पाठवले. रतन आमचा हमाल. साताऱ्याकडचा आहे, अंगाने दांडगा, आणि चहा बशीतून भुरकतो. त्याला तू विचारलेस म्हणे, की हे एवढे पाणी डोंबिवलीवरून ठाण्याला कशासाठी नेता? हे मला विचारायचे होतेस. मी दोन वर्षे पाणी नेले तेव्हा तू फक्त "नेतोस तं ने" म्हणत होतीस. रतन काहीतरी चुकीचे सांगेल, म्हणून नीट लिहितो.

साहेब माशांची पिल्ले वाढवतात. त्या पिल्लांना खायला जिवंत पाणपिसवा लागतात. पाणपिसू म्हणजे मोहरीहूनही लहान जीव, पाण्यात टुणटुण उड्या मारतो, काचेसारखा आरपार दिसतो. ठाण्याच्या नळाला जंतू मारायची पावडर असते, त्यात त्या एक दिवस टिकत नाहीत. मासुंदा तळ्याच्या पाण्यात जगतात, पण अंडी धरत नाहीत. साहेबांनी कितीतरी ठिकाणचे पाणी पाहिले. शेवटी मी तुझ्या घरामागच्या विहिरीचे आणले, आणि त्यात एकेकीच्या पाठीवरची पिशवी अंड्यांनी गच्च भरली. तेव्हापासून ते पाणी. चांगल्या पाण्यात त्या सगळ्या माद्याच असतात, हे मी तुला सांगितले होते. त्यावरून तू त्यांना सहदेवाच्या पोरी म्हणायला लागलीस.

या खेपेला तू पोरींची चौकशी केली नाहीस. रतनने तरी तसा काही निरोप दिला नाही. पोरी बऱ्या नाहीत, बाय. अंडी फार कमी धरतात. साहेबांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून अजून कोणी काही बोलत नाही, पण असेच चालले तर माझे काय होईल सांगता येत नाही. तू मात्र काळजी करू नकोस.

तुझा
सहदेव

ता. क. लोणच्याची एखादी रिकामी बरणी असल्यास रतनबरोबर पाठव. पोरींची पिल्ले फार झाली आहेत, जागा पुरत नाही.


नौपाडा, ठाणे
२१ सप्टेंबर १९५४

मालनबाय,

बरणी मिळाली. पत्राचे उत्तर मिळाले नाही.

रतन परवा आला तो ढेकर देत. मी काही विचारले नव्हते. त्यानेच सुरू केले.

"सहदेवा, तुझ्या बायच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली गड्या. वर सुकट. लई मायाळू बाई."

मी म्हटले, "बुधला खाली ठेव. टोपली आपटू नकोस."

"पाटावर बसीवलं मला! आमच्याकडं हमालाला कोण पाटावर बसीवतं?"

मी बुधल्याचे तोंड सोडत होतो. गाठ घट्ट होती. तुझीच गाठ.

"म्हनली, घरी कोन कोन हाय? मी म्हनलं, आई-बा हायेत, भाऊ हाय, बहीन तेवढी न्हाय. तर म्हनली, मंग मी हाये ना. भाऊबीजंला ये म्हनली."

बाय, हे तू खरेच म्हणालीस का? की रतन आपल्या मनाने जोडतो आहे? त्याला जोडून सांगायची सवय आहे. एकदा त्याने कळव्याच्या खाडीत मगर पाहिल्याचे सांगितले होते.

आई गेली तेव्हा तू नहाणाचीसुद्धा नव्हतीस, आणि मी तुझ्या कडेवर होतो. भाऊबीजेला तू मला पाटावर बसवायचीस, तेव्हा पाट नसला तर सूप उपडे घालायचीस. घरात दुसरा भाऊ नव्हता. कधीच नव्हता. एखाद्याला बहीण नसली तर ती त्याच्या आई-बापांची गोष्ट झाली, त्यात आपण काय करणार?

आणि आणखी एक. रतन म्हणतो, पाणी तू तांब्याच्या हंड्यातून ओतून दिलेस. "आरशावानी लख्ख घासलेला हंडा, त्यात माझं तोंड दिसलं." मानपाड्यात तुझ्या घरी तांब्याचा हंडा एकच आहे. तो आईचा. लग्नात तू तो डोक्यावर घेऊन गेलीस, आणि सणावाराशिवाय कधी माळ्यावरून काढला नाहीस. मी दोन वर्षे तुझ्या विहिरीवर मातीच्या घड्याने पाणी शेंदले. त्या घड्याचा काठ फुटका होता. मी कधी बोललो नाही.

शेवंतीच्या गोष्टीवरून तू अजून रागावलेली आहेस, हे मला कळते. भावजींची पुतणी, तुझ्या मनात सोयरीक करायची होती, तू मला मुद्दाम बोलावलेस. मी वाईट काही केले नाही. मुलगी शिकलेली आहे असे सांगितले, म्हणून मी तिला कागदावर नाव लिही म्हटले. तिने लिहिले. वेलांटी चुकली होती, ती मी दुरुस्त केली. शाईने केली हे खरे. सगळे बसले होते हेही खरे. पण चूक दिसल्यावर ती तशीच कशी ठेवायची? भावजी त्यावर जे बोलले ते सर्व माझ्या ध्यानात आहे.

या आठवड्यात पोरींच्या पिशव्या रिकाम्या आहेत. मी भिंगातून एकेक पाहिली. पोहतात, खातात, पण पाठीवर काही नाही.

तुझा सख्खा भाऊ
सहदेव


नौपाडा, ठाणे
४ ऑक्टोबर १९५४

मालनबाय,

पोरी खरोखरच आजारी आहेत. खरोखरच असे लिहिण्याचे कारण पुढे कधी सांगेन.

निम्म्या मेल्या. राहिल्या त्यांच्यात आता नर दिसू लागले आहेत. साहेबांनी मला भिंगाखाली दाखवले: नर लहान असतो आणि नुसता इकडून तिकडे धावत असतो. चांगल्या पाण्यात नर होतच नाहीत. आई लेकी घालते, लेकी लेकी घालतात, कोणाची गरज पडत नाही. पाणी बिघडले की मग हे उपटतात. त्यानंतर माद्या वेगळीच अंडी धरतात, काळी, टणक. ती पाठीवरून सुटून तळाशी जातात आणि पाणी सुधारेपर्यंत तशीच पडून राहतात.

बरे चाललेले असताना बाहेरचा कोणी येऊन शिरतो, हे मी फक्त पाणपिसवांविषयी लिहितो आहे.

मी सर्व बाजूंनी विचार केला. बरण्या मी धुतो. आधी राखेने, मग ऊन पाण्याने, मग त्याच पाण्याने जे आत घालायचे आहे. माझ्या बरणीत साबणाचा कण सापडणार नाही, हे साहेबसुद्धा पाहुण्यांना सांगतात. खाद्य तेच, खिडकी तीच. बदलला आहे तो पाणी आणणारा. माझी खात्री होत चालली आहे की रतन तुझ्या विहिरीपर्यंत येतच नाही. डोंबिवली स्टेशनावरून मानपाडा काही जवळ नाही, वाट चिखलाची. मधल्या कुठल्यातरी ओढ्यावर बुधला भरत असेल आणि भाकरी खायला तेवढा तुझ्याकडे येत असेल. मी हे साहेबांच्या कानावर घातले.

साहेब म्हणाले, "तू पाहिलंस का?"

मी म्हटले, "पाहिलं नाही. पण माणूस तसा आहे."

साहेब म्हणाले, "माणसाचं राहू दे. पाण्याचं बघू." त्यांनी मला बरण्या मांडायला सांगितल्या. काहींत मासुंद्याचे पाणी, काहींत पावसाचे, काहींत रतनने आणलेले. प्रत्येकीत तितक्याच पिसवा.

तू फक्त एवढेच कळव, रतन विहिरीवर येतो की नाही. खरे सांग. त्याला वाचवायचे म्हणून सांगू नकोस.

सहदेव


(पोस्टकार्ड)

ठाणे, ११ ऑक्टोबर १९५४

सौ. मालनबाईस,

आपला निरोप रतनने दिला. "त्याला सांग, पाणी मी सोता भरून देते." स्वतः भरून देता हे वाचून, म्हणजे ऐकून, समाधान वाटले. माझ्यासाठी कधी भरल्याचे स्मरत नाही.

तेव्हा रतनचा दोष नाही हे सिद्ध झाले. मासुंद्याच्या बरण्यांतील पिसवा जिवंत आहेत, पावसाच्या पाण्यातील जिवंत आहेत, आपल्याकडील पाण्यातील मेल्या. अर्थ एकच. आपली विहीर बिघडली आहे. ते पाणी प्रयोगशाळेच्या उपयोगाचे राहिले नाही. कळावे.

स. धा. पाटील


नौपाडा, ठाणे
२० ऑक्टोबर १९५४

बाय,

रतन काल आला. बुधला रिकामा होता. टोपली कोपऱ्यात ठेवून तो माझ्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "लिवलंस ते लिवलंस, कार्डावर कशापायी लिवलंस रं?"

पाकिटे संपली होती. हे मी त्याला सांगितले. तुलाही तेच सांगणार होतो. पण हे पत्र पाकिटातून जाते आहे, आणि हे पाकीट तेव्हाही माझ्या पेटीत होते. कार्ड कोणीही वाचील हे मला ठाऊक होते. वाचावे असे वाटले. ज्या घरात मला उंबरा चढता येत नाही, त्या घराला थोडे लागावे असे वाटले. विहिरीचे पुढे काय होईल हे मात्र मनात आले नव्हते.

रतनने सांगितले ते असे. कार्ड दुकानावर पडले, तिथे कोणीतरी मोठ्याने वाचले, आणि संध्याकाळपर्यंत गावात झाले की ठाण्याच्या सायबानं भिवाची विहीर बाद केली. शेजारणी यायच्या बंद झाल्या. कोणी म्हणाले, विहिरीत काही पडले असेल. कोणी म्हणाले, कोणी टाकले असेल. एकाने तर भावजींच्या तोंडावर विचारले, "भिवा, तुझी गुरं तरी पितात का रं यो पानी?" तुझी सासू बायजाआत्या ओट्यावर बसून मला शिव्या घालते, आणि मी समोर नाही म्हणून त्या तुला लागतात. "पयल्यांदा आमच्या पोरीला नाव ठेवलान, आथा आमच्या इहिरीला. तुझा भाऊस हाय का कोरट?"

भावजी आता विहिरीकडे फिरकतसुद्धा नाहीत म्हणे. ते ऐकून मला जास्त भीती वाटली.

आता मुख्य गोष्ट. विहीर चांगली आहे, बाय. आज ठरले.

सकाळी साहेबांनी माझ्या बरण्या पाहिल्या आणि म्हणाले, "विहिरीला दोष देण्याआधी मधली पायरी बघितलीस का? विहिरीतून बुधल्यात पाणी कशातून येतं?" रतन दारात उभा होता. तो म्हणाला, "हंड्यातनं, सायब. तांब्याच्या. बाई आदल्या दिशी चिचंनं घासून ठेवतात, पानी भरून ठेवतात, दुसऱ्या दिशी मला देतात."

साहेबांनी आधीच्या खेपेचे उरलेले पाणी आटवायला ठेवले. अगदी थोडे राहिले तेव्हा त्यात औषधाचे थेंब टाकले. विटकरी छटा आली. मासुंद्याच्या पाण्याचेही तसेच केले, त्यात काही नाही. ते म्हणाले, तांबे उतरले आहे. चिंचेने घासलेल्या भांड्यात जास्त उतरते. माणसाला त्याचे काही नाही. पिसवांना तेवढेही सोसत नाही. थोडे असले तर अंडी धरणे थांबते, जास्त असले तर मरतात.

रतनने गालावर हात मारून घेतले. "तांब्यातलं पानी तर देवाला घालतात, सायब!"

"देव मोठा असतो," साहेब म्हणाले.

हंड्याचे मला महिनाभर माहीत होते. रतनने सांगितले होते, मी तुला लिहिलेही होते. मला त्यात फक्त एवढेच दिसले की माझ्या वाट्याला फुटका घडा आणि रतनच्या वाट्याला आईचा हंडा.

मधल्या सुटीत मी रतनला विचारले, "तिने हंडा का काढला? घडा कुठे गेला?"

"घडा हाय की. मी म्हनलं बी, बाई, घड्यानं भरा, कशाला तरास. तर म्हनली, तुमाला नाय ठावं. माझ्या सहदेवाच्या पोरी आजारी हायेत, त्यानं लिवलंय. आजाऱ्याला का फुटक्या घड्याचं पानी देतात? आयचा हंडा काढते, त्यातलं पानी पिऊन बऱ्या व्हतील."

ते मी लिहिले होते. सहा सप्टेंबरला. तेव्हा पोरी आजारी नव्हत्या, बाय. बरण्या भरून वाहत होत्या. तू माझी चौकशी करावीस म्हणून लिहिले. तू केलीस, ती अशी केलीस. आणि तुझा तो हंडा पाहून मी रतनवर जळत बसलो.

रतनला हे सगळे माझ्याआधी माहीत होते, याचे वाईट वाटते. तुझे शब्द मला त्याच्या तोंडून ऐकावे लागले. त्याने तुझ्या आवाजाची नक्कलही केली. बरी केली.

मी भाऊबीजेला येतो. अंगणात उभा राहीन, उंबऱ्याला पाय लावणार नाही. भावजींना आणि गावाला सांगेन की विहीर स्वच्छ आहे, दोष हंड्याचा होता. साहेबांचा दाखला देईन. म्हणजे सगळे मिटेल.

सहदेव


नौपाडा, ठाणे
भाऊबीजेचा दुसरा दिवस

बाय,

काल तुझ्याशी चार शब्दही नीट बोलता आले नाहीत. घर माणसांनी भरलेले होते. म्हणून लिहितो. वाचून झाल्यावर हे चुलीत टाक.

तुझा निरोप रतनने मला डोंबिवलीला स्टेशनाबाहेर दिला. आधी का दिला नाहीस म्हटले तर म्हणतो, "सांगितला असता तर आलाच नसतास." निरोप असा होता: "त्याला म्हनावं, हंड्याचं घरात काडू नको. सासू हंडा मोडीत घालील."

मी वाटेतच थांबलो. रतन पुढे जाऊन परत आला.

"काय झालं?"

मी म्हटले, "हंड्याचं सांगायचं नाही, तर विहिरीचं काय सांगू? विहीर चांगली, हंडा चांगला, मग पिसवा मेल्या कशाने?"

"मला काय इचारतोस? शिकलेला तू."

मी म्हटले, मी सहावीत शाळा सोडली. तो म्हणाला, मी गेलोच न्हाय. मग आम्ही चालू लागलो. मी सारखा विचार करत होतो. तांबे नाही, पाणी नाही, रतन नाही, खाद्य नाही. मानपाड्याची झाडे दिसायला लागली तेव्हा एकच गोष्ट उरली होती.

पुढचे तुला माहीत आहे, पण तू आत चुलीपाशी होतीस, सगळे ऐकले नसशील. ओट्यावर भावजी होते, शेजारचे धाकूकाका आणि आणखी चारपाच जण. बायजाआत्या खांबाला टेकून बसली होती. मी अंगणात तुळशीच्या अलीकडे थांबलो. भावजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "आथा कशाला नाव ठेवाया आलास? घराला?"

मी म्हटले, "भावजी, विहीर स्वच्छ आहे. साहेबांनी पुन्हा पाहिली. चूक माझी होती. बरण्या मी धुतो, त्या नीट धुतल्या नव्हत्या. सोडा राहिला होता. त्याने पिसवा मेल्या. मी विहिरीला दोष लावला."

बाय, मी कधी घाणेरडी बरणी फडताळात ठेवलेली नाही. माझ्याजवळ दाखवण्यासारखे तेवढे एकच आहे.

धाकूकाका हसले. "म्हंजी येलांटी दुरुस्त करनारा मास्तर बरनी धुवाया इसारला?" तेव्हा सगळेच हसले. भावजीसुद्धा. मी मान खाली घातली. वाटले, संपले. तेवढ्यात रतन माझ्या मागून मोठ्याने म्हणाला, "व्हय तर! मी रोज बघतो. लई घान ठेवतो ह्यो. सायबानं दोनदा झापलाय."

हे त्याला कोणी सांगायला सांगितले होते? एवढे पुरेसे होते की. दोनदा झापल्याचे तर साफ खोटे आहे. आणि आता ते त्याला आणि मला दोघांनाच माहीत, आणि तुला. तो येताना सारखा माझ्याकडे बघून हसत होता.

पण बायजाआत्या उठली. घडा काखेत मारला आणि मोठ्याने, साऱ्या पाड्याला ऐकू जाईल असे म्हणाली, "मी बोललेलू ना, माझ्या इहिरीत खोट नाय! खोट पोराच्या हातान हाय." आणि पाण्याला गेली. तिच्यामागून शेजारची एक गेली. मग दुसरी. भावजींनी ते पाहिले. मग मला म्हणाले, "उभा का? वर ये."

मी चप्पल काढली. खडा बाहेर पडला. त्यांनी विचारले, हे काय? मी म्हटले, वाटेत गेला असेल.

शेवंतीने पाट आणून मांडले. माझा मांडताना म्हणाली, "चांगला धुतलाय. बगून घ्या." मी बघितला नाही. नुसता बसलो. ती माझ्याकडे पाहत होती की पाटाकडे, ते मला कळले नाही. विचारू नकोस तिला.

आता माझी तक्रार. ती लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. तू रतनला आधी ओवाळलेस. तो वयाने मोठा, हे मी मान्य करतो. त्याच्या ताटात करंज्या जास्त होत्या, तो दांडगा आहे, तेही मान्य. त्याने ओवाळणीत तुला खण घातला आणि तू तो कपाळाला लावलास. माझे पातळ तू नुसते मांडीवर ठेवलेस. मी सगळे पाहिले. साहेब पुढच्या खेपेपासून पाणी आणायला मलाच पाठवणार आहेत, पाय बरा झाला असे मी सांगितले. घड्यानेच शेंदीन. रतन म्हणतो, मीही येतो, बुधला जड असतो. मी नको म्हटले. तो तरी येणारच.

पण एक गोष्ट मी परतीच्या वाटेवर त्याला मुद्दाम विचारली आणि त्याला ती आठवली नाही, म्हणजे त्याच्या ध्यानातच आली नव्हती. मला ओवाळताना ताट तुझ्या हातात जरा हलले, वात तिरपी झाली, आणि तू हसलीस. रतनला ओवाळताना तू हसली नव्हतीस.

तुझा
सहदेव